पोलादाची शरणागती : कवचांच्या निपातभाराचे अनुमान कसे घडत गेले

पांढुर्णा आणि सौसर येथील ज्या जुन्या घरांत कापसाच्या व्यापाराची परंपरा होती, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना जिनच्या भोंग्याचा आवाज अद्याप आठवत असेल. दसरा झाला की कापसाच्या बैलगाड्या जिनच्या फाटकाशी रांगेने उभ्या राहत, रुई आणि सरकी वेगळी होई, गाठी बांधल्या जात. आणि या साऱ्या खटाटोपाला बळ पुरवणारा बॉयलर मागच्या अंगाला, विटांच्या बांधकामात निम्मा बुजलेला, धगधगत असे. आमचे आजोबा अशाच एका लहानशा जिनचे भागीदार होते. एका हंगामात रात्रपाळीच्या माणसाचा डोळा लागला, बॉयलरमधील पाणी उतरले आणि आत असलेल्या दोन धूरनळांपैकी एकाचे छत तापून लाल झाले व आतल्या बाजूला खाली बसले. नळ फाटला नाही. सकाळी आत कंदील धरून पाहिले तेव्हा पातेल्याला पोचा यावा तसा लांबलचक पोचा तेवढा दिसला. त्या रात्री जिनमध्ये वीस-पंचवीस माणसे झोपलेली होती. आजोबा म्हणाले, 'जामसावळीच्या मारुतीने राखले.' मिस्त्री म्हणाला, 'मालक, पत्रा चांगला होता.'

हा प्रसंग आमच्या घरात इतक्यांदा सांगितला गेला आहे की, त्यातील दोन्ही वाक्ये लहान मुलांनाही पाठ झाली. पहिल्या वाक्याविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. दुसऱ्या वाक्याला मात्र दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. पातळ पोलादी कवच किती भारापर्यंत टिकेल, आणि तुटण्याऐवजी मुकाट्याने वाकत वाकत अखेर केव्हा खचेल, हे आधीच कसे सांगावयाचे? या खचण्याच्या भाराला आपण निपातभार म्हणू. आज हे अनुमान पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत संगणकावर केले जाते आणि आपल्या भागातील अनेक घरांची मुले त्याच कामावर पोट भरतात. ती मुले दिवाळीला घरी आली की, आपण नेमके काय करतो हे त्यांना सांगता येत नाही आणि आपल्याला विचारता येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

जिनमधील तो बॉयलर लँकेशायर जातीचा होता. या जातीची मूळ कल्पना विल्यम फेअरबेअर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांची, १८४४ सालची. मोठ्या आडव्या पिंपाच्या पोटात दोन नळ. नळांत आग, नळांभोवती पाणी. पिंपावर वाफेचा दाब आतून बाहेर, म्हणून ते फुगू पाहते. नळांवर तोच दाब बाहेरून आत, म्हणून ते चेपू पाहतात. फुगणाऱ्या कवचाचे गणित त्या काळीही ठाऊक होते. चेपणाऱ्या नळाचे कोणालाच ठाऊक नव्हते. नळ गोल असल्यामुळे त्यावरील दाब सर्व बाजूंनी सारखा, तेव्हा त्याला धोका नाही आणि त्याच्या लांबीने काही बिघडत नाही, असे बरेच कारखानदार धरून चालत. इंग्लंडात बॉयलर फुटत राहिले, माणसे मरत राहिली. फेअरबेअर्नने अखेर लहानमोठे नळ पाण्याच्या दाबाखाली प्रत्यक्ष चेपून पाहिले आणि १८५८ साली आपले निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे मांडले. निष्कर्ष साधा होता, पण धक्का देणारा: नळ जितका लांब तितका तो दुबळा, जाडी थोडी वाढवली तर बळ पुष्कळ वाढते. उपायही त्यातूनच निघाला. लांब नळाला ठिकठिकाणी कडी बसवली की तो अनेक आखूड नळांसारखा वागतो. डॅनियल ॲडम्सनचा बाहेर वळवलेल्या कडांचा जोड याच कामी आला. आमच्या आठवणीतील त्या नळालाही असे जोड होते, आणि पोचा दोन जोडांच्या मधेच थांबलेला होता.

आपल्या देशात हा प्रश्न कायद्याच्या वाटेने आला. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. साऱ्या देशाला लागू होणारा कायदा १९२३ चा. त्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली. जिनमध्ये वर्षातून एकदा येणारा इन्स्पेक्टर त्या १९२३ च्या कायद्याचा माणूस. तो हातोडीने पत्र्यावर टकटक करी आणि नाद ऐके. लहानपणी आम्हांला तो वैद्य वाटे.

आता पत्र्याकडे वळू. पोलादाची पट्टी ताणली तर आरंभी ती किंचित लांबते आणि भार काढताच पूर्ववत होते. हा स्थितिस्थापकपणा. एका ठरावीक मर्यादेपलीकडे मात्र ती पूर्ववत होत नाही. कायमची लांबते, पण तुटत नाही. या मर्यादेला इंजिनिअर यील्ड म्हणतात. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ शरण येणे असाही आहे, आणि आम्हांस तो अर्थ अधिक भावतो. शरण आल्यानंतरच्या अवस्थेला शास्त्रीय मराठीत सुघट्य अवस्था म्हणतात. तांबटाच्या हातोडीखाली भांडे घडते ते याच अवस्थेत. काच आणि बिडाला ही अवस्था जवळजवळ नाहीच. ती एकदम फुटतात.

पोलादाला हा गुण कोठून येतो, याच्या उत्तराचा एक धागा आपल्याच मातीत आहे. हेन्री बेसेमरने १८५६ साली स्वस्त पोलादाची आपली रीत जाहीर केली, पण त्या पोलादाला तापवून लाटताना तडे जात. लोखंडातील गंधक आणि भट्टीत शोषलेला प्राणवायू ही त्याची मुख्य कारणे. रॉबर्ट मशेटने त्यात मँगनीजयुक्त लोखंड घातले आणि दोष दूर झाला, कारण मँगनीज गंधकाला आपल्याकडे ओढून घेते आणि प्राणवायूही काढून टाकते. त्यानंतर पोलाद करणाऱ्या प्रत्येक देशाला मँगनीजची भूक लागली. नागपूर, भंडारा, छिंदवाडा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून जाणारा मँगनीजचा पट्टा ज्या प्राचीन खडकांत आहे, त्यांना भूशास्त्रात सौसर गट म्हणतात. आपल्या तहसिलीचे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक असेल? भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरील लुई फर्मोरचा मोठा ग्रंथ १९०९ चा. तेथील एका खडकाला त्याने गोंड लोकांवरून गोंडाइट असे नाव दिले. पहिल्या महायुद्धापूर्वी जगाला मँगनीज पुरवणाऱ्या देशांत भारत आणि रशिया आघाडीवर होते. त्या नळाच्या पत्र्यात आपल्या डोंगरातले मँगनीज विलायतेची वारी करून परत आले होते की काय, हे सांगता येत नाही. पण तसा विचार मनात येतो खरा.

शरण येणे म्हणजे पराभव नव्हे, हे ओळखायला शास्त्राला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकातील हिशेब असा की, कवचातील सर्वांत ताणलेला बिंदू यील्डला पोचला की संपले. वस्तुतः तेथूनच खरी गोष्ट सुरू होते. एकत्र कुटुंबात एक भाऊ खचला तर त्याचा भार इतर भाऊ उचलतात आणि घर चालते. सगळेच खचले की मग घर बसते. पोलादातही तसेच. एक जागा शरण आली की ती आपल्या वाट्याचा भार धरून ठेवते, पण वाढीव भार शेजाऱ्यांकडे जातो. शरण आलेल्या जागांची साखळी अशी पूर्ण झाली की कवचाला मोकळेपणी हलता येईल, तेव्हा जो भार असेल तो निपातभार.

धातू केव्हा शरण येतो हे प्रथम पद्धतशीर पाहिले ते पॅरिसच्या आंरी त्रेस्काने, १८६४ साली. आयफेल टॉवरवर ज्या ७२ जणांची नावे कोरली आहेत, त्यांत त्याचे एक आहे. पुढची गोष्ट आपल्यासारख्या मंडळाच्या सभासदांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्रेस्काच्या नियमाहून अधिक अचूक नियम माक्सिमिलियन ह्यूबरने १९०४ साली मांडला, पण लिहिला पोलिश भाषेत. तो दोन दशके कोणी वाचला नाही, आणि १९१३ साली रिशार्ड फॉन मिझेसने जर्मनमध्ये स्वतंत्रपणे तोच नियम दिल्यामुळे आज जग त्याला मिझेसचा नियम म्हणते. पोलादी तुळया यील्डनंतरही भार पेलतात हे गाबोर काझिंत्सी याने १९१४ साली प्रयोगाने दाखवले. तो निबंध हंगेरियन भाषेत होता. निपातभाराचे मूलभूत सिद्धांत अलेक्सेय ग्वोझ्देव याने १९३० च्या दशकात रशियनमध्ये सिद्ध केले. पश्चिमेला ते ठाऊक होण्याआधीच रॉडनी हिल, विल्यम प्रागर आणि डॅनियल ड्रकर यांनी १९५० च्या सुमारास ते पुन्हा शोधून काढले. तीन भाषा, तीन शोध, आणि तिन्हींना जगाने उशिरा दाद दिली. यावरून स्वभाषेत शास्त्र लिहू नये असा निष्कर्ष कोणी काढील. आम्ही काढत नाही. पोलिश, हंगेरियन आणि रशियन विद्यार्थ्यांना ते शोध आपल्या भाषेत वाचता आले, हेही त्याच इतिहासात आहे.

ते सिद्धांत सांगायला सोपे आहेत. पहिला असा की, बाहेरच्या भाराशी मेळ खाणारी आणि कोठेही यील्ड न ओलांडणारी अंतर्गत ताणांची एखादी मांडणी तुम्ही दाखवू शकलात, तर रचना त्या भाराला पडणार नाही. दुसरा उलट बाजूने: रचना कशी खचेल याचे एखादे चित्र तुम्ही कल्पिले आणि त्या खचण्यात भाराने केलेले काम धातूने जिरवलेल्या कामापेक्षा अधिक भरले, तर रचना पडणारच. एक सिद्धांत खालची सीमा देतो, दुसरा वरची. खरे उत्तर त्या दोहोंच्या मध्ये असते. हे दोन साक्षीदार हाताशी असल्यामुळे निव्वळ कागद-पेन्सिलीने निपातभार सांगता येऊ लागला. सिद्धांत पूर्ण होण्याआधीच केंब्रिजच्या जॉन बेकरने त्यातील विचार युद्धात वापरला होता. १९४१ सालचे मॉरिसन आश्रयस्थान म्हणजे घरात ठेवायचे पोलादी टेबल. बाँबने घर कोसळले तर ते वाकावे, पण खाली झोपलेले कुटुंब वाचावे, असा त्याचा हिशेब होता.

स्वयंपाकघरातील गॅसचे सिलिंडर घेऊन हे गणित करून पाहता येते. त्याचा व्यास सुमारे ३१५ मिलिमीटर. पत्र्याची जाडी ३ मिलिमीटर आणि यील्डची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला २४० न्यूटन धरू. जाडीला त्रिज्येने भागून यील्डने गुणले की त्रेस्काच्या नियमाने निपाताचा दाब येतो: दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४.५ न्यूटन, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४६ किलो. मिझेसच्या नियमाने तो १५ टक्क्यांनी अधिक भरतो. कारखान्यात प्रत्येक सिलिंडरची पाण्याने चाचणी होते ती २५ किलोला, आणि प्रत्येक लॉटमधील काही नमुने मुद्दाम फुटेपर्यंत दाबले जातात. ही आकडेमोड आठवीतल्या मुलालाही जमेल. परंतु ती सिलिंडरच्या मधल्या सरळ भागापुरतीच खरी आहे. वरचा आणि खालचा घुमट जेथे वळतो तेथे ती लंगडी पडते, आणि शास्त्राचीही पुढची साठ वर्षे त्या वळणावरच गेली आहेत.

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर तेलाच्या टाक्यांची मालगाडी तिगाव-चिचोंड्याच्या घाटापूर्वी थांबलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रत्येक टाकीचे टोक नीट पाहावे. ते अर्धगोल नाही. ताटासारखे उथळ आहे आणि काठाशी एकदम वळून नळकांड्याला मिळते. अर्धगोलाला जागा आणि खर्च अधिक, म्हणून ही तडजोड. या काठच्या वळणात एक विपरीत गोष्ट घडते. दाब आतून बाहेर असतो, टाकीचा बाकी सगळा पत्रा ताणला जातो, पण वळणाचा पत्रा परिघाच्या दिशेने चेपला जातो. कॅलिफोर्नियातील एका तेलशुद्धी कारखान्याचे प्रचंड पात्र, अमेरिकन संहितेनुसार रचलेले असूनही, पाण्याच्या चाचणीतच निकामी झाले. १९५९ साली जेरार्ड गॅलेटलीने अशा टोकांविषयी रचनाकारांना सावध करणारा निबंध लिहिला आणि संहितेचे सूत्र तेथे अपुरे आहे हे आकड्यांनी दाखवले. ड्रकर आणि शील्ड यांनी १९५९ ते १९६१ या काळात वर सांगितलेले दोन साक्षीदार या वळणावर उभे केले आणि निपातदाबाची सूत्रे काढली. ती पुढे संहितांमध्ये झिरपली. सूत्राप्रमाणे वागूनही पात्र पडू शकते, ही गोष्ट त्या काळच्या इंजिनिअरांना पचायला जड गेली असली पाहिजे.

दरम्यान दुसरीकडे विमानाच्या कारखान्यात एक नवी रीत जन्माला येत होती. बोइंगमधील टर्नर आणि त्याचे सहकारी क्लफ, मार्टिन व टॉप यांनी १९५६ साली विमानाच्या पंखाचे तुकड्यातुकड्यांनी गणित करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९६० साली क्लफने तिला फायनाइट एलिमेंट पद्धत असे नाव दिले. मराठीत परिमित घटक पद्धत म्हणता येईल. गोधडी शिवणाऱ्या बाईला ती आपण सांगावी लागणार नाही. कवचाचे हजारो लहान तुकडे कल्पावयाचे. प्रत्येक तुकडा किती ताठ हे सोपे असल्यामुळे लिहिता येते. मग शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या शिवणी जुळवून सारी समीकरणे एकदम सोडवावयाची. समीकरणे लाखोंनी होतात, म्हणून संगणक हवा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली सुरू झाला. पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक १९९१ साली उभा केला. त्या कामाचे नेतृत्व करणारे विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातील आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने तर या पद्धतीसाठी फीस्ट नावाची स्वतःचीच प्रणाली लिहिली.

शरणागतीचे गणित या पद्धतीत कसे बसवले जाते ते पाहण्यासारखे आहे. भार एकदम लादत नाहीत. थोडा थोडा वाढवतात. प्रत्येक पायरीला कोणते तुकडे यील्डला पोचले ते तपासतात, त्यांचा ताठपणा कमी करतात, समीकरणे पुन्हा सोडवतात, पुन्हा तपासतात. मेळ बसेपर्यंत हे चालते. मग पुढची पायरी. शिवाय कवचाचा आकार वाकताना बदलतो, तोही हिशेबात घ्यावा लागतो. आतून दाब असेल तर उथळ टोक फुगून अधिक गोल होते आणि बळावते. बाहेरून दाब असेल तर नळ किंचित चपटा होतो आणि त्या चपटेपणामुळेच आणखी दुबळा होतो. अखेर अशी पायरी येते की मेळ बसतच नाही. तोच निपात, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु मेळ न बसण्याचे कारण कवच खचले हेही असू शकते आणि गणित करणाऱ्याने तुकडे वाईट पाडले हेही. अनुभवी माणूस दोहोंतला फरक ओळखतो. नवशिक्या रंगीत चित्र पाहून खूश होतो. एडुआर्ड रिक्सने १९७० च्या दशकात शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर जाण्याची युक्ती काढली, तेव्हापासून हा भेद करणे काहीसे सुकर झाले.

येथे आम्हांस सर्वांत कुतूहलाची वाटते ती गोष्ट येते. कवच निपातभाराला पोचले हे ठरवावयाचे कसे, यावर विद्वानांचे एकमत नाही. खरे पोलाद यील्डनंतर हळूहळू कडकही होत जाते. त्यामुळे भार आणि वाक यांची रेषा एकदम आडवी होत नाही, नदीच्या काठासारखी हळूहळू वळते. वळण नेमके कोठे संपले? एक रीत अशी: आरंभीची सरळ रेषा भाराच्या अक्षाशी जितकी कलते त्याच्या दुप्पट कलाची दुसरी रेषा काढा, ती जेथे वक्राला छेदते तो निपातभार. ही दुप्पट का, तिप्पट का नाही, याचे उत्तर सोयीपलीकडे काही नाही. त्यातून वाक कोणत्या बिंदूचा मोजला त्याप्रमाणे उत्तर बदलते. घुमटाच्या शेंड्याचा मोजला तर एक, काठाचा मोजला तर दुसरे. दुसरी रीत दोन स्पर्शरेषांच्या छेदाची. ती माणसागणिक बदलते. युरोपीय संहितेने २००२ साली वेगळी वाट धरली: पोलाद आदर्श सुघट्य माना आणि नेहमीच्या कामकाजात कोठेही ५ टक्क्यांहून अधिक ताण-लांबी होऊ देऊ नका. अमेरिकन संहितेने २००७ च्या नव्या आवृत्तीत प्रश्नच फिरवला. कवच केव्हा पडेल हे विचारूच नका. आदर्श सुघट्य पोलाद मानले तर योजलेल्या भाराच्या १.५ पट, आणि खरे कडक होणारे पोलाद मानले तर २.४ पट भार लादा. गणिताचा मेळ बसला तर कवच मान्य. आमच्या मते हा बदल मोठ्या समजूतदारपणाचा आहे. ज्या आकड्यावर एकमत होत नाही तो आकडा शोधत बसण्यापेक्षा, हवे तेवढे टिकते का एवढे विचारणे बरे.

ज्या ठिकाणी हे विचारणे अत्यंत कठीण होते ते ठिकाण म्हणजे अग्निबाणाचे आवरण. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे आवरण मारेजिंग नावाच्या पोलादाचे, व्यास २.८ मीटर, एलव्हीएम ३ च्या दोन मोठ्या बाणांचे ३.२ मीटर. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर आणि मुंबईतील पवई येथे ही आवरणे घडली. घन इंधनाच्या क्षेत्रात मोलाचे काम केलेले वसंत गोवारीकर १९७९ ते १९८५ या काळात थुंब्याच्या केंद्राचे संचालक होते, हे वाचकांना स्मरत असेल. या पोलादाची यील्ड दर चौरस मिलिमीटरला सुमारे १७०० न्यूटन, म्हणजे गॅसच्या सिलिंडरच्या सातपट. पण शरण येणे आणि फुटणे यांत अंतर फार थोडे. आमच्या जिनच्या पत्र्याला जी सवड होती ती येथे नाही. वजन वाचवायचे म्हणून सवड गमवावी लागते. मग सूक्ष्म तडा शोधणे, प्रत्येक आवरण पाण्याच्या दाबाखाली तपासणे आणि गणितात हात आखडता घेणे हाच मार्ग उरतो. २०२३ च्या जुलैत चांद्रयान-३ ला उचलणारे दोन बाण अशाच आवरणांचे होते.

आणि आपल्याच राज्यातील एक कवच विसरून चालणार नाही. १९५६ साली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हापासून भोपाळच्या बातम्या आपल्या घरच्या बातम्या झाल्या. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकी स्टेनलेस पोलादाची, तीत सुमारे ४२ टन मिथिल आयसोसायनेट. तापमान आणि दाब योजलेल्या मर्यादेच्या फार वर गेले, टाकीवरचे काँक्रीट तडकले. टाकी फुटली नाही. तिने आपली सुघट्य सवड बहुधा खर्च केली आणि ती टिकली. वायू सुरक्षाझडपेतून निघून गेला, आणि त्याला अडवणारी पुढची उपकरणे निकामी किंवा बंद होती. हजारो माणसे मेली. निपातभाराच्या गणिताने त्या टाकीची तपासणी केली असती तर ती उत्तीर्ण झाली असती. या शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने ही टाकी डोळ्यांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते, कारण कवच टिकले की माणसे वाचली, हे समीकरण त्या रात्री खोटे ठरले.

गेल्या दिवाळीत आमचा नातू पुण्याहून आला होता. तो हेच काम करतो. आजोबांच्या ट्रंकेत बॉयलरची तपासणीवही अजून आहे. तिच्यातील मापांवरून त्याने त्या धूरनळाचे तुकडे संगणकावर पाडले आणि दोन संध्याकाळी गणित केले. नळ अगदी गोल आणि पोलाद केवळ स्थितिस्थापक धरले तेव्हा निपाताचा दाब भलताच मोठा आला. वापराने आलेला किंचित चपटेपणा आणि यील्ड धरली तेव्हा तो बराच खाली आला. छत लालभडक तापले आहे आणि तेथील यील्ड निम्म्याहून कमी झाली आहे असे धरले तेव्हा तो रोजच्या वाफेच्या दाबापर्यंत उतरला. आम्ही विचारले, 'यातला खरा कोणता?' तो म्हणाला, 'आजोबा, तिन्ही खरे. प्रश्न वेगवेगळे आहेत.' मग जरा थांबून त्याने आम्हांलाच विचारले, 'पण तो पत्रा फाटला का नाही, ते यांतलं एकही उत्तर सांगत नाही. तो पत्रा आहे का कुठे?'

पत्रा होता. दुरुस्तीच्या वेळी पोचा आलेला भाग कापून काढला होता आणि तो आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात मोरीवर झाकण म्हणून इतकी वर्षे पडून आहे. नातवाने त्याची एक पट्टी कापून नेली आणि कामाच्या ठिकाणी ताणून पाहिली. तुटण्यापूर्वी ती आपल्या लांबीच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतकी लांबली. तसे त्याने फोनवर कळवले, आणि मिस्त्रीचे नाव काय होते असे विचारले. ते आम्हांला आठवले नाही. उरलेला पत्रा मोरीवर तसाच आहे.